दोन इंचीचं निम्मं

टिळकवाडीत एक वकील आहेत. नाव सांगत नाही, कारण हा अंक त्यांच्याही घरी जातो. त्यांच्या नव्या बंगल्याच्या न्हाणीघराला एक इंची नळ घालायचा होता आणि त्या आठवड्यात सगळ्या खडेबाजारात एक इंची नळ मिळेना. वकीलसाहेब माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "मिस्त्री, त्यात एवढं काय? अर्धा इंचीचे दोन टाका. अर्धा आणि अर्धा एक."

मी म्हटलं, "साहेब, चार टाकावे लागतील."

झालं. वकीलसाहेबांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि माझी उलटतपासणी सुरू केली. मी नळ जास्त खपवायला बघतो आहे, असा त्यांचा रोख होता. पाऊण तासानंतर मी फळीवरून नळाचे दोन जुने तुकडे काढले, एक इंची आणि दोन इंची. दोन्हींच्या पोटात लाल सुताच्या लड्या ठासलेल्या होत्या. त्या बाहेर ओढून मी त्यांच्यापुढे मोजल्या. लहान नळातून पाच निघाल्या, मोठ्यातून वीस. वकीलसाहेबांनी त्या स्वतः पुन्हा मोजल्या, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "वा! मिस्त्री, ही युक्ती तुमची?"

मी नुसता हसलो. त्या हसण्यापायी हा लेख लिहायला बसलो आहे. त्या वेळी दुकानाच्या दारात कोण उभं होतं, ते शेवटी सांगेन.

मी शिवराम मिस्त्री. तीसेक वर्षं बेळगाव, शहापूर, वडगाव आणि प्रसंगी निपाणीपर्यंत नळ जोडत हिंडलो. यंदा स्वराज्य आलं आणि माझ्या गुडघ्यांनीही स्वातंत्र्य मागितलं, म्हणून धंदा सोडला. संपादकांनी अनुभव लिहा म्हणून सांगितलं. नळ जोडणाऱ्याचे अनुभव बहुतेक ओले असतात आणि सांगण्याजोगे नसतात. हा एक तेवढा आहे.

आमच्या धंद्यात नळाला त्याच्या तोंडाच्या रुंदीवरून नाव देतात. तोंड एक इंच रुंद तो इंची, दोन इंच रुंद तो दोन इंची. लोकांची फसगत होते ती या नावामुळेच. पाणी काही रुंदीतून वाहत नाही, ते नळाच्या सगळ्या पोटातून वाहतं. घरातल्या बायकांना हे चटकन कळतं. वीतभर भाकरी थापायला जेवढं पीठ लागतं, त्याच्या चौपट पीठ दोन विती भाकरीला लागतं, जाडी तीच ठेवली तरी. नळाचंही तसंच. रुंदी दुप्पट झाली की पोट चौपट होतं, तिप्पट झाली की नऊपट.

मला हे शिकवलं दाजीबा मिस्त्रींनी. ते मूळचे सुतार, पुढे नळाच्या कामात पडले. अंगठेबहाद्दर माणूस, पण दोन नळांचं पाणी एका नळात घ्यायचं झालं तर तो एक नळ किती इंची हवा, हे ते कागदाशिवाय काढत. सुताराचा काटकोनी गुण्या घ्यायचे. एका दांडीवर एका नळाची रुंदी धरायची, दुसऱ्या दांडीवर दुसऱ्याची, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर पट्टीनं मोजायचं. जितकं भरेल तितक्या इंचाचा नळ दोघांचं पाणी पोटात घेतो. तीन इंची आणि चार इंचीला पाच इंची पुरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती जादूच वाटली होती. दाजीबा म्हणाले होते, "जादू न्हाय रं, गुण्याला खोटं बोलता येत न्हाय, येवढंच." ते वारले तेव्हा त्यांचा गुण्या माझ्याकडे आला. मी तो जपून पेटीत ठेवला. फारच जपून ठेवला, असं आता म्हणायला हवं.

दाजीबा गेल्यानंतर वर्षा-दोन वर्षांतली गोष्ट. शहापुरातल्या दोन गल्ल्यांनी मिळून विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं आणि लोखंडी टाकी उभी केली. वरच्या गल्लीत विणकरांची तीस घरं. खालच्या गल्लीत रंगाऱ्यांची पंधरा घरं. खालच्यांनी सूत रंगवून द्यायचं, वरच्यांनी ते विणायचं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. टाकीवरून दोन्ही गल्ल्यांना वेगवेगळा नळ जाणार होता. पंचांनी ठरवलं, घरं निम्मी तर पाणी निम्मं. वरच्या गल्लीला जितकं येईल त्याच्या निम्मं खालच्या गल्लीला. कुणाचीच तक्रार नव्हती.

त्या भागात पाण्याच्या वाटणीवर नारळ फोडतात. एकदा नारळ फुटला की विहीर असेतो ती वाटणी फिरत नाही. दोन्ही गल्ल्या टाकीपाशी जमल्या, नळांना हळदकुंकू लागलं. वरच्या गल्लीचे बाळाप्पा हे पंचांतले थोरले, मागावर आयुष्य गेलेला भारदस्त माणूस. त्यांनी हातात नारळ धरला आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "मिस्त्री, वर दोन इंची घातला. आता निम्म्याला किती इंची?"

मी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता. शेपन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ऐटीत म्हटलं, "दोनाचं निम्मं एक. एक इंची."

बाळाप्पांनी मान हलवली, सगळ्यांनी मान हलवली आणि नारळ फुटला. चाव्या सोडल्या तेव्हा एक इंचीतून पाणी असं जोरात उडालं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खोबऱ्याचा तुकडा खाऊन घरी आलो. गुण्या पेटीत होता.

चारेक महिन्यांनी एका सकाळी माझ्या दुकानापुढे एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, कोपरापर्यंत हात लाल-निळे. डोक्यावर वेताची पाटी. ही गंगाक्का. नवरा गेल्यावर खालच्या गल्लीत रंगाचे हौद एकटीनं चालवणारी. तिच्या लाल रंगाला शहापुरात जोड नव्हती.

"शिवराम मिस्त्री तूच का रं?"

"व्हय, आक्का."

तिनं पाटीतून एक लुगडं काढून माझ्यापुढे पसरलं. पिवळ्या अंगाचं, लाल काठाचं. काठाचा लाल रंग पिवळ्यावर उतरून जागोजागी डाग पडले होते. "ह्यो रंग माझा. तीस वर्सांत माझा लाल कधी उतरला न्हाय. आता उतराय लागलाय. कापडाच्या शेठनं लुगडं परत धाडलंय. म्हनतोय, येत्या अमावस्येनंतर एकच खेप दीन. त्यो रंग उतरला तर लग्नसराईचं समदं काम निपाणीला जाईल."

मी म्हटलं, "आक्का, रंगातलं मला काय कळतं?"

"रंगातलं तुला कळाय नगो. पाण्यातलं सांग. लाल सूत सात पाण्यांत धुवावं लागतं, तवा सुटा रंग जातो. मला चार पाणी बी मिळंना झाल्यात. टाकी रिती हुती अन्‌ माझा हौद तसाच ऱ्हातो."

मला वाटलं नळात कुठे कचरा अडकला असेल. तसं मी म्हटलंही. तिनं मान हलवली. "कचरा न्हाय. मी मोजलंय."

तिनं कसं मोजलं होतं ते ऐका. रंगारी रंगाच्या हौदावर काठी आडवी टाकून त्यावर लड्या लोंबत्या सोडतात आणि सारख्या गतीनं फिरवत राहतात, म्हणजे रंग सगळीकडे सारखा बसतो. तीस वर्षं हे केलेल्या हाताची गती घड्याळाला लाजवते. गंगाक्का रिकामी काठी घेऊन वरच्या गल्लीच्या नळापाशी जाऊन बसली होती. घागर भरेपर्यंत तिच्या काठीच्या दहा फेऱ्या झाल्या. तीच घागर तिनं आपल्या नळाखाली लावली, तर बेचाळीस फेऱ्या झाल्या.

"निम्मं म्हनलं तर इसाला भरायला पायजे. बेचाळीस कसं?" ती म्हणाली. "मला वाटलं, तूच कायतरी लबाडी केलीस. वरच्यांनी तुला हाताशी धरलं म्हनलं. मग रातभर इचार केला आन्‌ म्हनलं आधी बघू तरी. तुझ्याकडचं दोन्ही नळाचं तुकडं दे."

मी दिले. तिनं पाटीतून लाल सुताच्या लड्या काढल्या, सगळ्या एकाच मापाच्या. एक-एक लडी दुमडून तिनं इंची तुकड्यात घातली. पाच गेल्या, सहावी जाईना. मग दोन इंची तुकडा घेतला. पाच, दहा, पंधरा. मी बघत होतो आणि माझे कान गरम होऊ लागले. एकोणीस सहज गेल्या. विसावी तिनं अंगठ्यानं जरा रेटली आणि तीही गेली.

"ह्यात पाच आन्‌ ह्यात ईस," गंगाक्का म्हणाली. "म्हंजे तू मला चौथाई दिलीस रं, मिस्त्री. निम्मं न्हाय."

लबाडी नव्हती, हे तिला कळलं होतं. माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. पण मला जी लाज वाटली ती लबाडाला वाटली नसती. मी पेटी उघडली आणि दाजीबांचा गुण्या काढला. दोन्ही दांड्यांवर दीड-दीड इंच धरून तिरकं मोजलं, तर दोन इंचाच्या वर थोडं भरलं. म्हणजे दोन दीड इंची मिळून एक दोन इंची होतो, वर थोडी सूट. निम्म्याला दीड इंची घालायला हवा होता. शिवाय लहान नळात पाणी कडांना घासून जास्त मंदावतं. तिच्या बेचाळीस फेऱ्यांतल्या चाळिसावरच्या दोन फेऱ्या त्यापायी.

ती गुण्याकडे बघत होती. "ह्ये तुला आधीपासनं ठावं हुतं?"

"व्हय."

"मग त्या दिशी ह्ये लाकूड कुठं हुतं?"

"पेटीत."

"पेटीत ठिवून कुनाला पानी मिळतं रं?" एवढंच ती म्हणाली. रागावलीसुद्धा नाही.

अमावस्येला विणकरांचे माग बंद असतात, म्हणून पंचांची बैठक त्या दिवशी भरते. आम्ही दोघं देवळाच्या कट्ट्यापाशी गेलो. गंगाक्कानं गाऱ्हाणं मांडताच वरच्या गल्लीत कुजबूज सुरू झाली, आणि ती उगाच नव्हती. टाकी एकच. खाली जास्त गेलं की वर कमी होणार. आतापर्यंत पाच घागरींतल्या चार वर जात होत्या आणि एक खाली. ठरल्याप्रमाणे तीनांतल्या दोन वर आणि एक खाली जायला हवी होती. चार महिने मिळालेलं पाणी सोडायचं कुणाच्या जिवावर येणार नाही?

बाळाप्पा म्हणाले, "गंगे, नारळ फुटलाय. आता वाटणी फिरायची न्हाय."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "आप्पा, चूक माझी आहे. दोन इंचीचं निम्मं एक इंची नव्हे, दीड इंची. मला माहीत होतं. विचार न करता बोललो."

"आता म्हनतोय!" मागून कुणीतरी ओरडलं. "रंगाऱ्यांनी फितवला मिस्त्रीला."

तेव्हा गंगाक्का कट्ट्यावर मांडी घालून बसली आणि पाटीतून लड्या आणि नळाचे ते दोन तुकडे काढले. माझ्या गुण्यावर तिथं कुणी विश्वास ठेवला नसता. पण सुतावर? ती सगळी सुताची माणसं. तिनं पहिल्या दोन लड्या घातल्या आणि तुकडे बाळाप्पांपुढे सरकवले. "तुमीच भरा, आप्पा. माझा हात नगो."

बाळाप्पांनी भरायला घेतलं. एकेक लडी बोटांत चोळून, सगळ्या सारख्याच आहेत ना हे बघून ते घालत गेले. कट्ट्याभोवती माणसं दाटली. पाच. मग दुसऱ्या तुकड्यात दहा, पंधरा, अठरा. विसावी घातल्यावर त्यांनी एकविसावी घालून बघितली, मग दुसऱ्या बाजूनं रेटून बघितली. ती गेली नाही. त्यांनी तो तुकडा खाली ठेवला.

"सूत बराबर बोलतंय," ते म्हणाले. "पर नारळाचं काय करायचं?"

गंगाक्का म्हणाली, "आप्पा, नारळ तुमी निम्म्यावर फोडला का नळावर? नारळ फोडताना तुमीच म्हनलासा, वरच्याच्या निम्मं खालच्याला. ती वाटणी मला मान्य हाय, तीच पायजे. ती अजून झालीच न्हाय. नारळाचा सबूद चार म्हैने तसाच पडून हाय."

बाळाप्पांनी लड्या पाटीत ठेवल्या, उठले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, उद्या सकाळी ये. दीड इंची आन."

दुसऱ्या दिवशी मी खणायला सुरुवात केली तेव्हा खालच्या गल्लीची माणसं बरोबर होती. उन्हं वर आल्यावर वरच्या गल्लीतून चौघं फावडी घेऊन आले. त्यांत बाळाप्पांचा भाऊ होता. सांध्यांना सफेदा लावून, ताग गुंडाळून दुपारनंतर दीड इंची नळ जोडला. असा सांधा मी पुन्हा कधी इतकं मन लावून केला नाही.

गंगाक्का घागर आणि काठी घेऊनच बसली होती. चावी सोडली. ती तोंडानं मोजत काठी फिरवत होती. अठराव्या फेरीला घागर काठोकाठ भरली. गल्लीत आनंदीआनंद झाला. तिचा चेहरा मात्र तसाच. मला म्हणाली, "अठरा झाल्या. इसाला भराय पायजे हुती."

"आक्का, दीड इंची निम्म्याहून थोडा मोठाच असतो. राहू दे की. चार महिने कमीच मिळालं तुम्हाला."

"त्यो हिशेब येगळा. दोन फेऱ्यांचं पानी वरच्यांचं हाय. चावी जरा आवळ."

मी चावी आवळली. तिनं घागर रिकामी करून पुन्हा मोजलं. विसाव्या फेरीला भरली तेव्हा ती उठली. पोटावर पाय आलेली बाई, हौदाला पाणी मिळावं म्हणून पंचांपुढे उभी राहिलेली, आणि नळ हातात येताच दोन फेऱ्यांचं पाणी परत करणारी. मी त्या दिवशी तिला मनातून नमस्कार केला. उघड करायला हवा होता.

शेठची ती खेप सात पाण्यांत धुवून गेली. काठाचा लाल काठावरच राहिला. निपाणीला काही गेलं नाही. पुढे महिन्याभरानं ती दुकानात आली आणि ते दोन तुकडे, पाच आणि वीस लड्या भरलेले, फळीवर ठेवून गेली. "ऱ्हाऊ दे हितं. पेटीत नगो ठिवू," म्हणाली.

तेव्हापासून जो कोणी गिऱ्हाईक अर्धा आणि अर्धा एक म्हणायचा, त्याच्यापुढे मी लड्या मोजायचो. धंद्यात माझं नाव झालं. शिवराम मिस्त्रीची सुताची युक्ती, असं इतर मिस्त्रीही म्हणू लागले. पहिल्या वेळी गंगाक्काचं नाव सांगायचं राहिलं, दुसऱ्या वेळी जमलं नाही, पुढे पुढे मला ती माझीच वाटू लागली.

आता वकीलसाहेबांच्या दिवशी दारात कोण होतं ते सांगतो. गंगाक्का होती, सुनेबरोबर, नळाची चामड्याची चकती घ्यायला आलेली. चांगली म्हातारी झाली होती. वकीलसाहेबांनी "ही युक्ती तुमची?" म्हणून विचारलं ते तिनं ऐकलं. मी हसलो तेही पाहिलं. मी तिच्याकडे बघितलं आणि तरीही बोललो नाही. वकीलसाहेब कोट घालून निघून गेले.

ती आत आली. टेबलावर पसरलेली एक लडी उचलून तिनं बोटांत चोळली आणि म्हणाली, "सूत मऊ पडलंय, मिस्त्री. आता मोजणी चुकंल तुजी. सून उद्या नवीन आनून दील."

दुसऱ्या दिवशी सून पंचवीस नव्या लड्या ठेवून गेली, ताज्या लाल रंगाच्या. निरोप काही नव्हता. मी निरोपाची वाट बघत होतो, चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. गंगाक्का गेल्या पावसाळ्यात गेली. मी तिच्या घरी जाऊन आलो, सुनेशी पाण्यापावसाचं बोललो आणि परत आलो.

वकीलसाहेब, अंक तुमच्या हाती पडेल. तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. ती युक्ती माझी नव्हे. शहापुरातल्या खालच्या गल्लीतल्या गंगाक्का रंगारणीची.